गाऊन सांगितलेला नकार

कारधा,
५ डिसेंबर १९८१

चि. जागेश्वर यास घनश्यामचा आशीर्वाद. (ह्यांचं नाव फक्त लिहिलंय, तोंडाने घेतलेलं नाही. तुझी ताई.) वरठीला सगळे खुशाल असतील. इकडे माझा उजवा हात अजून ऐकत नाही, भूक मात्र उत्तम आहे.

तुझं पत्र मिळालं. भाऊजींना आता बोलता येत नाही, तेव्हा त्यांनी मासेमारी सोसायटीचं अध्यक्षपद सोडावं, असं तू लिहितोस. नाही सोडत! हे पत्र मी आरतीच्या चालीवर गाऊन सांगतो आहे आणि तुझी बहीण लिहून घेते आहे. (शेजारच्या गुणाबाई दोनदा प्रसादाला येऊन गेल्या.) लकव्याने माझं डोकं नेलेलं नाही, फक्त बोलणं नेलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, बोलण्याचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं आणि तिथलंच रक्त अडलं. गाण्याचं काम बरंचसं उजवीकडे चालतं, ते शाबूत आहे. म्हणजे काय म्हणायचं ते मला नीट कळतं, पण साधं बोलायला गेलो की तोंडातून एकच शब्द निघतो: मंगळवार. पाणी मागितलं, मंगळवार. न्हाव्याला मिशा ठेव म्हणालो, मंगळवार. त्याने मिशा उडवल्या. (आणि मंगळवारी पुन्हा हजर.)

गेल्या रविवारी सोसायटीची सभा झाली. भंडाऱ्याहून आलेल्या साहेबांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं, मंगळवार. फकिरा ताडकन उठला. दोन वर्षांपासून त्याचा माझ्या खुर्चीवर डोळा आहे. "साहेब, याईले सोताचं नाव सांगता येऊन नाई राहिलं! हे तलावाचा कारभार कसा पाहीन?" साहेबांनी विचारलं, राजीनामा देता का? पुन्हा मंगळवार जिभेवर आला. तो मी गिळला आणि मोठं जाळं ओढताना वीस वर्षं जी हाक देत आलो, तिच्याच चालीत ओरडलो, "मी घनश्याम रे, राजीनामा नाही रे!"

ती हाक आली की काय होतं, तुला ठाऊक आहे. दोर धरायला सगळ्यांचे हात आपसूक वर जातात. बसल्या जागी एकतीस जणांचे हात वर गेले, वर "हय्या हो" झालं. साहेबांनी हात पाहिले आणि लिहिलं, एकमताने अध्यक्ष कायम. फकिराचेही दोन्ही हात वरच होते. "म्या नाई उचलले साहेब, हाकेनं उचलले!" साहेब म्हणाले, "हात तुमचेच ना? मग बसा."

आता सांग, डोकं कोणाचं बिघडलंय? माझं शाबूत आहे, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. राजीनाम्याचा विषय पुन्हा काढशील तर पुढचं पत्र पोवाड्याच्या चालीवर येईल.

तुझा,
अजूनही अध्यक्ष असलेला भाऊजी

ता.क. एक अडचण आहे. सगळं गाता येतं, पण तुझ्या बहिणीचं नाव गाऊनही येत नाही. डॉक्टर म्हणतात, रोजच्या वापरातले शब्द आधी परततात. पंचवीस वर्षांत मी "अवं, आयकलं का" याच्या पलीकडे गेलो नाही, तर परतणार काय? लहानपणी तू तिला गाऊन हाक मारायचास, ती चाल घेऊन ये. तिला विचारलं तर म्हणते, आठवत नाही.

ता.क. (हा माझा) चाल मला पाठ आहे. पण नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव पहिल्यांदा ऐकायचं, तर ते आपणच कसं शिकवायचं? त्यांनी मंगळवार म्हणून हाक मारली तरी मी जातेच रे. पण तू ये.
केशर