मागच्या खोलीला खिडकी आहे

तीर्थस्वरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (पत्रातून वाकायला सोपं जातं, म्हणून जरा जास्तच वाकले आहे.) तुझा गुडघा कसा आहे? त्याच्या जोडीने दुसराही कुरकुरू लागला नसेल अशी आशा. इकडे तुझे जावई खुशाल, आणि मी खुशालीच्या वाटेवर.

तू आईच्या वरच्याच मजल्यावर राहतेस, तेव्हा मी कवळ्या बदलल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. माझ्या नव्हे, लोकांच्या. आमच्या लॅबमध्ये कवळ्या तयार झाल्या की मी त्या डब्यांत भरते, वर नाव चिकटवते आणि दवाखान्यांत पाठवते. त्या दिवशी एका निवृत्त न्यायाधीशांचे दात गाण्याच्या मास्तरांकडे गेले आणि मास्तरांचे न्यायाधीशांकडे. (मास्तरांनी म्हणे तक्रार न करता शिकवणी घेतली, विद्यार्थ्यांनाच शब्द कळेनात.) मालक ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, थोडे दिवस घरी राहा, काय ते बघून घ्या, पुन्हा असं झालं तर मात्र माझा नाइलाज आहे.

मग मी घरी राहिले ती पांघरुणातच राहिले. जावयांनी शेवटी मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ विचारपूस केली आणि सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात, लहानपणापासूनच आहे. लक्ष ठरत नाही म्हणून चुका, चुकांमुळे बोलणी, बोलण्यांमुळे सतत धास्ती, आणि धास्तावून धास्तावून मन थकलं की नैराश्य. मावशी, मी थक्क झाले गं. शाळेपासून ज्याला सगळे माझा स्वभाव म्हणत आले, त्याला चक्क नाव होतं! औषध सुरू झालं, आणि आठवड्यातून एकदा बायकांच्या गटात जायचं ठरलं.

गट घेणाऱ्या समुपदेशक बाई इतक्या हळू बोलतात की सगळ्या आपोआप पुढे सरकून बसतात. त्यांचं म्हणणं असं की मन लागेल तेव्हा काम करू असं म्हणत बसू नका. अगदी छोटं काम करा, मन मागून येतं. मी लगेच जाहीर केलं की रविवारी मागची खोली आवरते. (हो, तीच. किल्ली हरवली आहे असं तुला सांगितलं होतं ती. तिला कुलूपच नाही.) बाई म्हणाल्या, याहून छोटं सांगा. मी एका फळीवर आले. त्याहून छोटं. असं घासाघीस करत शेवटी ठरलं की फक्त दार उघडायचं. मनात म्हटलं, एवढं तर मांजरसुद्धा करतं. घरी आले, कडीला हात लावला आणि तशीच परत येऊन पांघरुणात शिरले.

पुढच्या खेपेला हे सांगताना वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. गटात एक बसड्रायव्हर बाई आहेत. एवढी मोठी बस लीलया वळवतात, पण फोन वाजला की घाम फुटतो. त्या म्हणाल्या, "मी येऊन बसते. मदत नाही करणार, नुसती बसेन."

आणि खरंच आल्या. दारासमोर खुर्ची टाकून गणवेशाला बटण लावत बसल्या. काय सांगू, शेजारी कोणी नुसतं बसलं तर हातात एवढं बळ येतं हे मला कोणीच कसं सांगितलं नाही? दार उघडलं. आत माझे सगळे उत्साह पडले होते : अर्धा स्वेटर, तार तुटलेली गिटार, परक्या भाषेची पुस्तकं, आणि तुझ्या वाढदिवसांच्या भेटी, कागदात बांधलेल्या, न पाठवलेल्या. त्या पाहिल्या आणि मी मटकन खाली बसून रडू लागले. ड्रायव्हरबाईंनी मान वर न करता म्हटलं, "रडत रडत पिशवी भरली तरी चालतं."

तर मी रडत रडत पिशव्या भरल्या. दुपार कलली तेव्हा ढिगामागून खिडकी निघाली. मावशी, त्या खोलीला खिडकी आहे हेच मी विसरले होते! उन्हाची तिरीप जमिनीवर पडली आणि आम्ही दोघी बघत राहिलो. मग त्यांनी माझ्यादेखत, घाम पुसत का होईना, भावाला फोन लावला. तेव्हा नुसतं बसायची पाळी माझी होती.

आता मी कामावर जाते. एका वेळी एकच डबा समोर घेते आणि नाव मोठ्याने वाचते. (शेजारच्या टेबलाला वाटतं मी जप करते.) अजून तरी कोणाचे दात भलत्या तोंडात गेले नाहीत.

तुझीच,
वेंधळी (हे नाव आता फक्त तुलाच माफ)

ता.क. : खरं काम हे, की हे सगळं तू आईला सांग. मी आळशी नव्हते, एवढं तरी सांग. थोरल्या बहिणीचं ती ऐकते.

पुन्हा ता.क. : राहू दे, मीच फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "त्या गटात माझ्या वयाच्या घेतात का?" तुमच्या गावातही असा गट आहे, मी चौकशी केली. पहिल्या दिवशी तू तिच्यासोबत जा. हे तिला सुचवलं तर म्हणाली, "आधी तिचंच नाव घाल. लहानपणापासून तिलाच जास्त गरज आहे." तेव्हा दोघींची नावं घातली आहेत.