न मागितलेले ग्लोव्हज

८ फेब्रुवारी, शनिवार

आऊट झालो नाही. तरी बाहेर आलो.

तेरावी ओव्हर संपली होती. माझे चोवीस चेंडूंत एकवीस. डगआऊटकडून नानासाहेब – आमचा राखीव कीपर – ग्लोव्हज घेऊन पळत येताना दिसला. मी काही मागितले नव्हते, माझे ग्लोव्हज कोरडे होते. वाटलं, समोरच्याने मागितले असतील. तर हा समोरच्याला ओलांडून माझ्याकडेच आला. खाली मातीकडे बघत म्हणाला, "तुला आत बोलावलंय."

"का?"

"फरदीनला पाठवायचंय. रिटायर्ड आऊट."

म्हणजे कुणी बाद केलं नाही, आपल्याच टीमने उठवलं. नियमात बसतं. टीव्हीवर मोठ्या लीगमध्ये पाहिलंय, आणि पाहताना मी स्वतः म्हणालोय – काय डोकं लावलं कॅप्टनने!

अंपायरने विचारलं, "लगा क्या?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

फरदीनने – आमचा फटकेबाज – नऊ चेंडूंत एकतीस ठोकले. आम्ही जिंकलो. सगळे नाचले. मीही नाचलो! व्हिडिओत दिसतो मी – उजवीकडून तिसरा, हात वर.

घरी आलो तर बाबा दारातच. "अंगठा का मनगट?"

ते मोबाइलवर मॅच बघत होते. कॉमेंटेटरला मी का चाललोय ते कळलं नव्हतं, तो म्हणाला होता, "शायद चोट लगी है." बाबांना तेवढं पुरलं. आऊट न होता माणूस परत येतो म्हणजे लागलेलंच असणार. त्यांच्या क्रिकेटमध्ये तिसरं कारणच नाही.

मी म्हणालो, "अंगठा."

९ फेब्रुवारी, रविवार

बाबा सकाळीच रिक्षाने औरंगपुऱ्यात जाऊन क्रेप बँडेज आणि मलम घेऊन आले. रविवारी अर्धी दुकानं बंद, तरी शोधून आणलं. बँडेज स्वतः बांधलं. इतकं घट्ट की अंगठ्याला काही कळेनासं झालं. माझ्यासारखंच.

मग विहारात वंदनेला गेले आणि सगळ्यांना सांगून आले. दुपारपर्यंत निम्म्या बजाजनगरला माझा अंगठा माहीत झाला. किराणावाल्याने विचारलं, "हाड तर नाय ना मोडलं?" म्हणालो, "नाही, मुरगळलंय." एक खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं, त्याला बोलवावं लागत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

काही वाटत नाही. वाटायला पाहिजे, एवढं कळतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी अल्तमश आला. आमचा कॅप्टन, आणि पहिलीपासून माझ्या बाकावरचा. त्याच्या होकाराशिवाय ते ग्लोव्हज आले नसते, हे त्यालाही माहीत, मलाही.

बाबांनी त्याला बसवून घेतलं. "अल्तमश, ह्याला दोन-तीन मॅच बसव रे. घाई नको. जिल्ह्याच्या तीन दिवसांच्या मॅचला हात नीट पायजे."

अल्तमशने बँडेजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हौ चाचा. आराम करने दो उसकू." सांभाळून घेतलं त्याने. चहा पिताना आईला अंगठ्याचं वर्णनही करून सांगितलं – किती सुजला होता वगैरे. माझ्यापेक्षा छान सांगितलं!

जिन्यात मला म्हणाला, "गाली दे दे भई. हलका होता."

"कशाला? मॅच जिंकली ना."

"कोच ने टॅबलेट पे सबका स्ट्राइक रेट दिखाया. तेरा नाम लाल में था. मैं क्या बोलता?"

"काही नाही. बरोबर होतं तुझं."

खरंच बरोबर होतं. तीच तर पंचाईत आहे. कुणी चुकलं असतं तर रागावता आलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीत शिफ्ट. हात बांधलेला म्हणून सुपरवायझरने हलकं काम दिलं – चेकिंगच्या टेबलावर. पार्ट हातात घ्यायचा, बघायचा, सोडायचा. दिवसभर हेच. मनात एकच हिशोब घोळत होता.

वीस ओव्हरचे चेंडू एकशेवीस, विकेट दहा. एका माणसाच्या वाट्याला बारा चेंडू येतात. मी चोवीस घेतले. म्हणजे पंगतीत मी दोघांचं जेवलो आणि वर ताट चाटत बसलो. उठवतील नाही तर काय करतील?

बाबांच्या वेळी उलटं होतं. विकेट महाग आणि चेंडू फुकट. वाळूजच्या कंपन्यांची दोन दिवसांची शील्ड असायची, मॅटिंगवर. बाबा – कचरू, प्रेस शॉप – ओपनिंगला जायचे. त्यांनी आयुष्यात एक सिक्स मारला नाही, असं त्यांचे दोस्त आजही चिडवतात. पण जेवणाच्या सुट्टीला ते नाबाद असायचेच. मी सीमारेषेवर डबा घेऊन बसायचो. मला त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती चेंडू सोडण्याची. "ऑफच्या भायेरचा चेंडू दुसऱ्याच्या घरचा. त्याला हात लावायचा नाय."

मी नववीत असताना त्यांची कंबर गेली. कंपनी सोडली. तेव्हापासून हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसतात, कमरेला पट्टा बांधून. बॅटही सुटली. मला शिकवलं ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, स्टंपच्या मागून.

ती शील्ड आता दहा ओव्हरची झालीय. टेनिस बॉल, डीजे, आणि मॅन ऑफ द मॅचला मिक्सर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज आमची मॅच होती. मी डगआऊटमध्ये, हात बांधून. हरलो. पण लिहायचं ते वेगळंच आहे.

सकाळी जारवाला आला. नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून प्यायच्या पाण्याचे दोन जार घेतो आम्ही. तो जिन्याखाली ठेवून ओरडतो आणि जातो. वर आणायचं काम माझं. मी घरात नसलो की आईचं. बाबांचा प्रश्नच नाही.

ओरडला. मी उठलो तर आई म्हणाली, "तू बस. हात नीट होऊ दे." बाबाही अर्धवट उठले होते. त्यांना म्हणाली, "आन् तुमी कुठं? पट्टा हाय का बघा कमरंला." पदर खोचून खाली गेली.

आम्ही दोघं कठड्याशी उभे. एक बँडेज, एक पट्टा. खालून आईचा आवाज येत होता – जार पायरीवर टेकवला की एक धप्प, मग एक श्वास, मग पुढची पायरी. तीन मजले. दोनदा.

लाज वाटली. आठवड्याभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तर ते हे. तरी बोललो नाही.  बाबा कठड्याचा रंग नखाने खरवडत होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवसांच्या मॅचची जिल्ह्याची टीम लागली. माझं नाव नाही.

ओपनर म्हणून फरदीन! चांगला मुलगा आहे, मला भाईजान म्हणतो. लेदर बॉलवर तो अजून एक पूर्ण सकाळ खेळलेला नाही. स्वतःच फोन करून म्हणाला, "भाईजान, पूरा दिन खडे कैसे रहते? बोर नहीं होता?" चेष्टा नव्हती, खरंच विचारत होता.  अर्धा तास फक्त चेंडू सोडत राहायचं, गोलंदाज वैतागेपर्यंत, आणि त्यात मजा असते – हे फोनवर कसं सांगायचं?

सिलेक्टर म्हणाले, लीगचे आकडे समोर होते, त्यावरून घेतलं. तीन दिवसांची टीम वीस ओव्हरच्या आकड्यांवरून. आणि पुढच्या वर्षी ती मॅचसुद्धा दोनच दिवसांची करायची चाललंय. मैदान कुणी देत नाही, पोरं येत नाहीत, बघायला तर कुत्रंही नाही. माझ्या शेजारच्या नेटमध्ये पोरं एक गुडघा टेकून कीपरच्या डोक्यावरून मागे मारायची प्रॅक्टिस करतात. देखणं मारतात, खोटं कशाला बोलू. सोडायला कुणी शिकत नाही. माझ्यानंतर इथे कुणाला ते येणारही नाही बहुतेक.

बाबा म्हणाले, "हात दुखावलेला. कसं घेतील? पुढल्या वर्षी."

हे वाईट झालं. आता सगळा दोष अंगठ्याचा. बिचाऱ्याने काही केलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाबांनी बँडेज सोडून परत बांधलं. अंगठा दाबत विचारलं, "हितं दुखतं?" म्हणालो, हो. "हितं?" हो. जिथे दाबतील तिथे हो.

माझ्याकडे बघितलं, बँडेजची गाठ मारली. मग म्हणाले, "दुखणारच."

२२ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची लीग मॅच. मी डगआऊटमध्ये. नानासाहेबला आज खेळवलं होतं, त्यामुळे पाणी-टॉवेलला मीच.

अल्तमश बॅटिंग करत होता. चेंडू बॅटवर येत नव्हता, तो एक-एक धाव काढत होता. विकेट खराब होती, दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. कोचने टॅबलेट बघितला. मग किट बॅगेतून ग्लोव्हजची जोडी काढून माझ्यापुढे धरली.

"उसको बोल."

"सर, तो कॅप्टन आहे."

"तो क्या हुआ?"

मी घेतले आणि पळालो. पळतच जावं लागतं, ओव्हर चालू व्हायच्या आत. अर्ध्या वाटेवर त्याने मला बघितलं. ग्लोव्हज बघितले. चेहरा पडला नाही की काही नाही. नुसता उभा राहिला, बॅट पायाला टेकवून.

"मैंने नहीं मांगे थे," म्हणाला.

"माहितेय."

"हौ. तेरेकू नहीं मालूम होना तो किसकू होना?"

दोघं बरोबर बाहेर आलो. सीमारेषेजवळ म्हणाला, "चाचा कू क्या बोला तू? अंगूठा ना? मैं घर पे क्या बोलू रे?" आणि हसला. मला हसू आलं नाही. रडू आलं, ते खांद्यावरच्या टॉवेलने पुसलं. दोन आठवडे कुठे होतं कोण जाणे.

हरलो. कोच म्हणाला, निर्णय बरोबर होता, निकाल चुकला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं बाबांना.

विहारातून आले, पांढरा शर्ट बदलत होते. म्हणालो, "बाबा, अंगठ्याला काही झालं नव्हतं. मला आत बोलावून घेतलं होतं."

"कोनी?"

"आपल्याच टीमने. मी सावकाश खेळत होतो म्हणून."

"आऊट नसताना?"

"हो."

शर्टाचं बटण तसंच हातात.  मला वाटलं ओरडतील, निदान खोटं बोललो म्हणून तरी. त्यांनी विचारलं, "शेवटचा चेंडू कसा खेळला तू?"

"सोडला."

"ऑफच्या भायेर व्हता?"

"हो. बराच बाहेर."

"मंग बरोबर सोडला," म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन बसले. जेवायला आले नाहीत. आईने दोनदा हाक मारली. दुकानालाही गेले नाहीत.

बँडेज मी काढलं नाही. विहारात, किराणावाल्याला, कंपनीत – सगळीकडे सांगावं लागेल. राहू दे थोडे दिवस.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जारवाला ओरडला. आई पदर खोचत उठली. बाबा म्हणाले, "बस तू."

पट्टा खिळ्यालाच होता. ते खाली गेले, जार खांद्यावर घेतला आणि तीन मजले चढून आले. मधे कुठे थांबले नाहीत. मग दुसरा आणला. आई आणि मी नुसते बघत होतो.

"कंबरंला कधी काय झालंच नव्हतं," बाबा म्हणाले. धापही लागली नव्हती. "सायबानं केबिनमदी बोलावलं. मी मागितला नसताना च्या पाजला, तवाच समजलो. म्हनला, कचरू, काम चांगलं हाय तुझं, पर तुझ्या पगारात दोन कंत्राटी पोरं येतात. घरी काय सांगू? येता येता पट्टा घेतला. मंग खेळता बी येईना – कंबर गेलेला मानूस बॅट कसा धरील?"

मग माझ्या हाताकडे बोट केलं. "ते आजच सोड. लई दिवस ठेवलं की निघत नाय."

 आई आत गेली, आधीचे रिकामे जार घेऊन आली. एक त्यांच्या हातात दिला, एक माझ्या.