पत्र्यापलीकडचा आवाज

कामथडी,
२४ एप्रिल २०२५

ती. सखूअक्का,

हनुमंताचा वाकून नमस्कार. इकडे लाईट सोडून सगळं जागेवर आहे.

तुझ्या सांगण्यावरून प्रेरणाला सोनबा भगताकडे नेलं, त्याचा खरा खर्च कळवतो. एक कोंबडा, पाच नारळ आणि पोरीचं बारा दिवसांचं बोलणं. कोंबड्या-नारळाचं दुःख नाही.

फोन केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि अर्धं भाटघर ऐकतं. म्हणून कागद.

माझा कान तुला ठाऊक आहे. शाळा सातवीत सुटली, पण ह्या कानावर मोटार दुरुस्तीचं दुकान उभं केलं. विहिरीतली मोटार बांधावरून ऐकून बेअरिंग गेलंय का वायंडिंग जळलंय ते सांगतो. ह्या कानाला अजून कुणी फसवलेलं नाही.

तर मार्चात एकदा भर दुपारी लाईट गेली, दुकान गप्प झालं, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडे प्रेरणाच्या खोलीत बाप्या माणूस बोलला. जाड आवाज, हसत हसत. "भंगार हाय, भंगार. तू नसलीस तर घराचा भार कमी." मग पोरीचा बारीक आवाज, "पुरावा काय?" तो परत हसला.

दार ढकललं. आत प्रेरणा एकटी, मांडीवर वही. अशा चार दुपारी ऐकलं. तू म्हणालीस, बाहेरचं आहे. मला पटलं.

बाहेरचं नव्हतं, अक्का. भगताकडून आल्यावर ती मुकी झाली, तेव्हा तुझ्या भावजयीनं, रत्नानं तोंड उघडलं. सहामाहीत नापास झाल्यापासून पोरीला... लिहितोच. पोरीला जगू नये असं वाटत होतं. रत्ना तिला दर मंगळवारी एसटीनं भोरला समुपदेशनाच्या मॅडमकडे नेत होती. मला भिऊन सांगितलेलं, शिवणक्लास.

मग मीही गेलो. श्रावणी मॅडम म्हणाल्या, "मनात आला म्हणून विचार खरा होत नाही. तो वहीत लिहायचा, मोठ्यानं बोलायचा, आणि त्याला पुरावा मागायचा. हा तिचा घरचा अभ्यास."

"अभ्यास ठीक. पण तो पुरुषाचा आवाज?"

मॅडमनी प्रेरणाकडं पाहिलं. "सांगायचं का, तुझं तू ठरव."

बाराव्या दिवशी पोरगी बोलली. "अण्णा, गिऱ्हाइकांसमोर तुमी मला जळकी मोटार म्हणायचा. भंगारात घालू म्हणायचा. सगळी हसायची. तो विचार तसाच येतो, मी तसाच बोलते."

मी हसण्यावारी न्यायला गेलो, आणि ते हसू मला ऐकू आलं.

तो अजून गेलेला नाही. आठवड्यातून एखाद्या दुपारी येतो. मी पत्र्याच्या अलीकडे गप्प बसलेला असतो आणि पलीकडे मीच बोलत असतो. परवा पोरीनं त्याला दरडावलं, "पुरावा न्हाई ना? मग हो बाहेर!" मीच उठून अंगणात गेलो.

सुट्टीत ती आठ दिवस तुझ्याकडे येतेय. फवारणीची औषधं कुलपात ठेव, किल्ली कमरेला. अंगारा लावू नकोस. मन जड झालं तर ती सांगेल. तेव्हा हातातलं टाकून ऐक आणि मला लगेच फोन कर, स्पीकरवर चालेल. हे पत्र तिनं वाचलंय, मगच पाकिटात घातलं.

कानाचं वर लिहिलं ते खोडत नाही. पण चार दुपारी ऐकूनही मला माझाच आवाज ओळखता आला नाही.

तुझा भाऊ, तिचा बाप,
हनुमंत