आराखड्यात नसलेला बाक

५ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात.
हॉस्पिटलच्या कॅम्पसचा वीस वर्षांचा मास्टर प्लॅन माझ्याकडे आला आहे. तीन महिन्यांत हातावेगळा करणार. कमिटीने एकच अट घातली, लोकांच्या सूचना घ्यायच्या. घेऊ की. सूचना ऐकायच्या म्हटलंय, मानायच्या असं कुठे म्हटलंय?
संकल्प: चहा बिनसाखरेचा. आणि कामात भावनेला थारा नाही.

८ जानेवारी
सुतारदादांनी मॉडेल आणून दिलं. अख्खा कॅम्पस टेबलावर. थर्माकोलचा तळ, लाकडी इमारती, स्पंजची झाडं. पाडायच्या इमारती सुट्ट्या, उचलून बाजूला करता येतात. मी लगेच जुन्या स्त्री-वॉर्डची इमारत उचलली. बाजूला ठेवायची विसरून हातातच धरून बसलो. साखर कमी पडली असणार.
त्या जागी चार मजली पार्किंग. दोन वर्षांपूर्वी ही त्याच वॉर्डात गेली, म्हणून साहेबांना ती इमारत डोळ्यांसमोर नको, असं मेट्रन कुणाला तरी म्हणाल्या म्हणे. काय संबंध? प्रश्न गाड्यांचा आहे. मी त्यातून केव्हाच सावरलोय.

१५ जानेवारी
मॉडेल ओपीडीच्या व्हरांड्यात मांडलं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात एक टाचणी द्यायची, आणि सांगायचं, कॅम्पसमध्ये तुमचा सर्वांत जास्त वेळ जिथे गेला तिथे टोचा. कल्पना माझीच.
संध्याकाळी बघतो तर बहुतेक टाचण्या स्त्री-वॉर्डच्या मागच्या बाजूला, घोळका करून. तिथे तर काहीच नाही. एक सिमेंटचा बाक आहे फक्त.
निष्कर्ष: लोकांना तिथे पार्किंगच हवं आहे.

१६ जानेवारी
मेट्रन आल्या. म्हणाल्या, भेटीची वेळ संपली की नातेवाईक त्या बाकावर जाऊन बसायचे. म्हटलं, माहीत आहे. तरी त्यांनी सगळं सांगितलंच. वरच्या खिडकीतून पेशंटने टॉवेल बाहेर लटकवला की समजायचं, जेवली, बरी आहे, आता तुम्ही घरी जा. ही पद्धत कुणी पाडली ठाऊक नाही, पण आपला टॉवेल दिसल्याशिवाय बाकावरून कुणी उठायचं नाही.
मला कशाला सांगतात? आमचा पिवळा होता.
वॉर्ड आता बंद आहे, एवढंच बोललो. विषय संपला.

२२ जानेवारी
मॉडेलवर कुणीतरी बाक ठेवला आहे. काड्यापेटीच्या काड्यांचा, नखाएवढा. फेकून दिला.

२४ जानेवारी
पुन्हा बाक. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा. फेकला.

२७ जानेवारी
आइस्क्रीमच्या काडीचा. तीन बाक, तीन तऱ्हा. पण मला कोण बनवणार? हे एकाच माणसाचं काम आहे, मुद्दाम हात बदलून करतोय. सुतारदादांना विचारलं. म्हणाले, मी केला असता तर पाय डुगडुगले नसते.

३ फेब्रुवारी, दुपारी
माझ्या केबिनमधून बंद वॉर्ड दिसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत पिवळं काहीतरी हललं. मी धावत गेलो नाही. भरभर चालत गेलो. पोचेपर्यंत काही नव्हतं. ऊन असेल. बाकाला हात लागला तर तो गरम होता, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा. मला भीती वाटली. लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.
संकल्प: टेबल फिरवून घेणे. खिडकीकडे पाठ.

४ फेब्रुवारी
टेबल फिरवलं. आता मागून कुणीतरी बघतंय असं वाटत राहतं. मानेला वारा लागतो. खिडकी बंद आहे, तीनदा उठून पाहिलं.

९ फेब्रुवारी
लेक म्हणाली, बाबा, रोज एवढा उशीर का होतो? म्हटलं, कामाचा डोंगर आहे. ती म्हणाली, ऑफिसात फोन केला होता, साहेब कधीच निघाले म्हणाले. म्हटलं, चालत येतो. वाटेत जरा बसतो. कुठे, ते तिने विचारलं नाही. शहाणी आहे, आईवर गेली आहे.

१७ फेब्रुवारी
लोकांची जाहीर सभा, व्हरांड्यातच, मॉडेलशेजारी. मेट्रन बाकासाठी बोलल्या. मग मी. नकाशे, आकडे, स्लाइड. शेवटी एक आजोबा उठले, बायकोसाठी त्या बाकावर महिना काढलेले. म्हणाले, साहेब स्वतः आमच्या शेजारी बसलेले आहेत. तेच पाडा म्हणतात, तर आपण कोण बोलणार? लोकांनी माना डोलावल्या. मेट्रनसुद्धा खाली बसल्या.
जिंकलो. घरी आलो, जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.
मॉडेलवर आज आणखी एक बाक. माझ्याच व्हिजिटिंग कार्डाचा. म्हणजे चोर घरातलाच आहे.

१८ फेब्रुवारी
झाडूवाल्या मावशींना बोलावून खडसावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, साहेब, तो तुम्हीच केलात. काल भाषण चालू असताना हात चालू होते तुमचे. घड्या घातल्या, ठेवलात जागेवर, आणि पुढच्या स्लाइडवर गेलात.
हात मोकळे असले की काहीबाही करतात. त्यात अर्थ शोधू नये. हा बाक फेकला नाही. कार्ड आहे, उपयोगी पडेल.

२ मार्च
सूचनांची मुदत संपली. कलम मीच घातलं होतं: मुदतीनंतर आलेल्या सूचनेचा विचार होणार नाही, मग ती कुणाचीही असो. शेवटचा तुकडा खास माझा.

१० मार्च
प्लॅन एकमताने मंजूर. पेढ्यांचा विषय निघाला, मी टाळला. दुपारी अध्यक्षांना सहज फोन केला. एक किरकोळ तांत्रिक शंका, पार्किंगच्या कोपऱ्यात एखादा बाक बसेल का? अध्यक्ष हसले. म्हणाले, तुमचंच कलम आहे हो.
मीही हसलो. फोन ठेवल्यावर बराच वेळ रडलो. ही झोप नीट न झाल्याची लक्षणं आहेत.

२१ मार्च, संध्याकाळी
मागच्या बाजूला गेलो. फक्त पाहणीसाठी. बसलो, कारण उभ्याने पाहणी नीट होत नाही.
एक पेंटर लाल रंगाचा डबा घेऊन पाडायच्या वस्तूंवर फुल्या मारत आला. भिंतीवर मारली, नळाच्या ओट्यावर मारली, मग माझ्यासमोर थांबला. म्हणाला, काका, जरा उठता का, बाकावर खूण करायची आहे. म्हटलं, या बाकाबद्दल माझी एक सूचना आहे. तो म्हणाला, सूचनांची मुदत संपली, काका. तिथे बोर्ड लावलाय.
मग मी त्याला समजावून सांगितलं, की वरून पिवळा टॉवेल दिसला की मी लगेच उठणार आहे.
त्याने वर पाहिलं. खिडकीला फळ्या ठोकलेल्या.
दोन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळीही टॉवेल आला नव्हता. नर्सच खाली आली होती. मी तिलाही म्हटलं होतं, थांबतो थोडा वेळ.
पेंटरने बरीच वाट पाहिली. शेवटी बाकाच्या मोकळ्या टोकावर फुली मारली आणि गेला. फुलीची एक रेघ माझ्या पँटवर आली आहे. लेक विचारेल. तिला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.