गस्तीची पट्टी, नग एक

फुकुयामा, १९ जानेवारी

आदरणीय त्सुकुदा सर यांस,

मिझुए इनागाकीचा नमस्कार. हे पत्र लिहायला मला आपल्या नववर्षाच्या कार्डाने भाग पाडलं आहे. कार्डाच्या तळाशी आपण छापून घेतलंय की वय झालं, हात पूर्वीसारखा चालत नाही, तेव्हा पुढच्या वर्षापासून कार्डं पाठवणं थांबवतो, आजवरच्या लोभाबद्दल आभार. असली निरोपाची कार्डं मला यंदा सात आली. सहा मी खोक्यात टाकली. आपलं सातवं फ्रिजच्या दारावर लावलं आणि दोन आठवडे त्याच्याशी भांडले. भांडण संपलं नाही, म्हणून लिहायला बसले.

नागानोला गुडघाभर बर्फ असेल. आपला गुडघा कसा आहे? (२०११च्या कार्डात डावा होता, २०१७च्या कार्डात उजवा. दोन्हींची चौकशी केली असं समजावं.) मुलगी-जावई कुशल असतील. माझं ठीक आहे. डाव्या अंगठ्याला पट्टा आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

आपण तीन वर्षं एका शिक्षकखोलीत समोरासमोर बसलो. आपण भौतिकशास्त्र शिकवत होता, मी भाषा. तिथला चहा वाईट आहे, याखेरीज आपलं कशावरही एकमत झाल्याचं मला आठवत नाही. त्यानंतरच्या एप्रिलात आपली बदली झाली, आणि तेव्हापासून वर्षाला एक कार्ड, एवढाच संबंध. तेवढ्यावर मला आपल्याला जाब विचारता येतो का, हा प्रश्न रास्त आहे. पत्र संपेपर्यंत थांबावं.

गेल्या मार्चमध्ये मी निवृत्त झाले. निवृत्त बाईने काय करावं याबद्दल या गावात सगळ्यांची ठाम मतं आहेत. मी गायनवृंदात गेले. तिसऱ्या आठवड्यात मी संचालकांना त्यांची लय कुठे चुकते ते सांगितलं आणि चौथ्या आठवड्यात मला कोणी बोलावलं नाही. मग एका दुपारी भाताचा कुकर घ्यायला विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे एका भिंतीएवढ्या टीव्हीवर दोन माणसं मारामारी करत होती. व्हिडिओ गेमची चित्रं आता इतकी खरी झालीत की घाम वेगळा दिसतो. पण एकाने खाली बसून दुसऱ्याच्या घोट्यावर लाथ मारली, आणि तो आवाज, सर, तोच होता. मी चाळीस मिनिटं उभी राहिले. कुकर राहिला.

दुकानातल्या तरुणीने विचारलं, "नातवासाठी का, आजी?" मी सांगितलं, नातू नाही, मुलगा नाही, नवरा नाही, पावती करा. तिने तोवर अस्वलांच्या चित्रांचा कागद गुंडाळायला घेतला होता. तो मी काढायला लावला.

खेळाची पेटी घरी आणून जोडली. (जोडायला दोन दिवस लागले, माहितीपत्रकातली वाक्यरचना सदोष आहे. दुरुस्त करून कंपनीला पाठवलं, उत्तर नाही.) खेळ सुरू झाल्यावर तीसेक लढवय्यांतून एक निवडायचा असतो. आपल्या वेळी आठ होते आणि सगळे निदान पोट झाकून होते. आता गणवेशाची शिस्त अशी काही उरलेली नाही. शेवटी गळ्यापर्यंत बटणं लावलेली एक बाई सापडली, ती घेतली. ती चांगली आहे. पाय लांब आहेत आणि उगाच ओरडत नाही.

आता अंगठ्याचं. नव्या खेळात दोन पद्धती आहेत. जुनी आपल्याला ठाऊक आहे: खाली, तिरकं, पुढे, असा गोल घेऊन बटण दाबायचं, की हातातून आगीचा गोळा निघतो. दुसरी सोपी पद्धत, त्यात एक बटण दाबलं की गोळा निघतो. गोल घ्यायला नको, काही नको. मी ही पद्धत पाहून खेळ बंदच केला होता. गाईड पाठ करून परीक्षेला बसण्यातला प्रकार. अडतीस वर्षं ज्याला विरोध केला ते साठी उलटल्यावर करणार नाही असं ठरवलं आणि तीन आठवडे जुन्या पद्धतीने खेळले. पूर्वी यंत्रावरचा दांडा मनगटाने फिरवायचो. आता हातातल्या कंट्रोलरवर सगळा भार अंगठ्यावर येतो. अंगठा वांग्याएवढा झाला.

हाडांचे डॉक्टर हामानो यांनी विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, बागेतलं गवत उपटलं.

"नुसत्या डाव्या अंगठ्याने?"

 त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाई, कोणतं पात्र घेता?"

"बटणं लावलेली."

"वा. मग सोप्या पद्धतीवर या की. मी कधीचा आलोय. पन्नाशीनंतर लाज धरायची ती खोट्या केसांची, याची कसली?"

दोन आठवडे विश्रांती सांगितली, आणि औषधाच्या पाकिटावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: सोपी पद्धत, दिवसातून एकदा, जेवणानंतर. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पाळावं अशा मताची मी आहे. पाळते.

मी दहात सात वेळा हरते आणि मला त्याचं काही वाटत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. वर्गात, सभेत, गायनवृंदात, आयुष्यभर मला हरणं जमलं नाही, हे आपण जवळून पाहिलंय. इथे मात्र मी हरते, चहा ओतून घेते आणि पुन्हा बसते. डाव इंटरनेटवरून होतो, पलीकडे कोण असतं कळत नाही. कोणी सेंदाईचा असतो, कोणी ओसाकाचा. बोलायचं तर तयार वाक्यांतून एक निवडायचं: छान खेळलात, आणखी एक डाव. हरणार असं दिसलं की वायर उपटून पळणारेही असतात. त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवते. एक्केचाळीस झाली. कोणाकडे द्यायची ते अजून ठरलेलं नाही.

एक गोष्ट तेवढी नाही. यंत्रापलीकडून कोणाचा श्वास ऐकू येत नाही.

येथे मला 'पेंग्विन'वर यावं लागतं. स्टेशनमागचं ते व्हिडिओ गेम पार्लर आपण विसरला असाल (आता तिथे मोटारी उभ्या करतात), म्हणून क्रमाने लिहिते. ब्याण्णव साली मुख्याध्यापकांनी मुलांना तिथून हुसकायला गस्त लावली. मंगळवार आपला, गुरुवार माझा, दंडाला हिरवी पट्टी. मुलं तिथे काय करतात ते समजल्याखेरीज त्यांना कशी समज देणार, असा विचार करून मी एकदा स्वतः बसले. शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, कारण तेव्हा मुलं खेळांच्या सरावाला असत. पुढच्या शनिवारीही बसले. शिक्षकखोलीत मी चहाविधीच्या वर्गाला जाते असं सांगत होते. आपण मासे धरायला जाता असं सांगत होता.

तिथली यंत्रं पाठीला पाठ लावून होती. एक खेळणारा अलीकडे, प्रतिस्पर्धी पलीकडे, मधे दोन पडदे. तोंड दिसत नसे. उठून पलीकडे डोकावणं तिथे अगदी असभ्य समजत. हरलेला मुकाट्याने उठायचा, जिंकलेल्याने मान वर करायची नाही. मी हा नियम पाळला. दीड वर्षं दर शनिवारी तीन वाजता पलीकडे तेच गृहस्थ बसत. वर उडायचे नाहीत, पुढे यायचे नाहीत. नुसते खाली बसून घोट्यावर लाथ. माझी उभ्याने लढायची खोड त्या लाथेने मोडली. वर्गाबाहेर मला कोणी काही शिकवलं असेल तर त्या गृहस्थांनी.

लाथ मारण्याआधी ते "हं" म्हणत.

तिसऱ्याच शनिवारी मला कळलं, सर. सभेत माझा मुद्दा मोडून काढण्याआधी आपण जे "हं" म्हणत होता, तेच. खात्रीसाठी मी खाली पडलेला रुमाल उचलला (पाडला होता) आणि यंत्राखालून पाहिलं. टाच चेपलेले तपकिरी बूट. डोकावायला बंदी होती. वाकण्याबद्दल नियमात काही नव्हतं.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर आपण येणं थांबवलं असतं, आणि शनिवार मला हवा होता.

त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात पालक संघाच्या अध्यक्षा ओझेकीबाई मुलाला शोधत आत शिरल्या. आपण मागच्या दाराने गेलात. कोणी हटकलं तर गस्त म्हणता यावं म्हणून आणलेली पट्टी, कोपराला अडते म्हणून काढलेली, यंत्रावर राहिली. मी ती पिशवीत टाकली आणि ओझेकीबाईंना म्हटलं की मी गस्तीवर आहे. सोमवारी शाळेची वस्तू हरवल्याबद्दल आपण सर्वांपुढे उभं राहून माफी मागितलीत आणि लेखी जबाब दिलात की नदीकाठी वाऱ्याने उडाली. तो जबाब भाषेच्या दृष्टीने तपासायला मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिला. पट्टी माझ्या पायाशी पिशवीत होती. मी दोन अक्षरं दुरुस्त केली आणि 'वाऱ्याने' ऐवजी 'जोराच्या वाऱ्याने' करा असं सुचवलं. त्यानंतर आपण पेंग्विनला आला नाहीत, आणि एप्रिलात बदली.

बत्तीस वर्षं मी हे उघड केलं नाही. मुलांनी उशिरा वही दिली तरी मी गुण कापत होते. माझे किती कापावेत ते आपण ठरवावं.

कन्येस आशीर्वाद. बर्फावरून जपून चालावं.

आपली नम्र,
मिझुए इनागाकी

ता. क. हे पत्र पाकिटात घालून ठेवलं आणि रात्रीच्या जेवणानंतर औषध घ्यावं तशी खेळायला बसले. जिंकले. आणि माझं मीच पाहिलं की जिंकल्यावर मी दोन्ही तळवे एकमेकांवर दोनदा झटकले, तास संपल्यावर खडू झटकतात तसे. टप्, टप्. शाळेत मुलं माझी नक्कल करायची ती हीच. पेंग्विनमध्येही झटकत असणार. मधे नुसते दोन पडदे होते.

मग आपली सगळी कार्डं काढून जमिनीवर मांडली. पंच्याण्णवपासून बत्तीस. दर वर्षी बारा प्राण्यांच्या चक्रातला त्या वर्षाचा प्राणी आपण हाताने काढता, आणि दर वर्षी मला वाटत आलं की सरांना चित्रकला येत नाही. रानडुक्कर उकिडवं. उंदीर उकिडवा. मेंढा उकिडवा, पुढचे दोन्ही पाय तोंडासमोर. साप उकिडवा कसा काढतात याला निसर्गात आधार नाही, पण आपण तीनदा काढलात. एकतीस प्राणी खाली बसून, बचाव धरून, माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांना दर वर्षी खोक्यात भरत होते. भाषा शिकवणाऱ्या बाईला वाचता आलं नाही, अशी नोंद करावी.

२००२चा घोडा बसलेला आहे. २०१४चाही. यंदाचा ताठ उभा आहे, हात सोडून.

ता. क. दुसरा. उभ्या राहिलेल्याला घोट्यावर लाथ बसते हे मला आपणच शिकवलं आहे. तेव्हा कृपया खाली बसावं. खेळाची पेटी वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. दुकानातल्या त्याच तरुणीने विचारलं, "दुसरा नातू का, आजी?" या वेळी मी हो म्हटलं, त्यामुळे कागदावर अस्वलं आहेत. हात चालत नसला तरी सोपी पद्धत एका बोटावर चालते. बटणावर लाल टिकली लावली आहे. शनिवारी तीन वाजता मी अलीकडे बसलेली असेन. नावाच्या जागी काही सुचलं नाही तर 'जोराचा वारा' लिहावं. मी डोकावणार नाही.

सुपूर्द वस्तूंची नोंद:
खेळाची पेटी, कंट्रोलरसह, एक.
वाळवलेली पर्सिमनं, बारा. (घरच्या झाडाची फळं आहेत. दोन मऊ निघतील.)
गस्तीची हिरवी पट्टी, शाळेचा शिक्का असलेली, नग एक. हरवल्याची तारीख: २० नोव्हेंबर १९९३, शनिवार. हरवण्याचं कारण: वारा नव्हता. घेणाऱ्याची सही नववर्षाच्या कार्डावर चालेल, पुढच्या जानेवारीत. पुढचं वर्ष मेंढ्याचं आहे.