रुपयाचा आवाज

१२ मार्च
नाव आली! अंबिकाची. नदीचं पाणी उतरलंय, दगड वर आलेत — त्यातल्या एकावर घासून बूड हातभर फाटलं. नौकानयनाची निवड-चाचणी सत्तावीसला. तिचे प्रशिक्षक श्रीमंत सर म्हणाले, "तात्या, नांदेडात तुमच्याशिवाय कोण हाय?" पोरगी नुसती नावेवर हात ठेवून उभी.

कंबर नको म्हणत होती. हो म्हणून बसलो.

१४ मार्च
दिवसभर घासकाम. फायबरचे दोन पातळ थर, मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी — एवढ्यावर ही नाव पळते! शाळेत नावेची कविता चालीवर म्हणायचो, ती नाव लाकडाची होती. भुकटीनं अंग खाजतंय.

यंदा लिंबावर कोकिळा नाही. चैत्र तोंडावर आला, आणि झाड मुकं.

१७ मार्च
कापड, रेझिन, पुन्हा कापड. थकलो.

१९ मार्च
ठिगळ वाळलं. जुन्या रुपयानं बोटा-बोटावर ठोकून बघितलं. आत थर सुटला असेल तर आवाज बद्द येतो. सगळीकडे सारखाच आला. चाळीस वर्षं या रुपयानं मला फसवलं नाही! सरांना फोन केला — उद्या संध्याकाळी न्या.

२० मार्च
बायको, गुणाबाई, डबा घेऊन शेडमध्ये आली. ऐट म्हणून तिच्यापुढे रुपया वाजवला.

"हे मडकं मी घेतलं नसतं."

"अगं, मडकं न्हाई, नाव हाय!"

"असंल. फुटकं वाजून राहिलंय."

बाजारात एकेक माठ ठोकून कुंभाराला रडवणारी बाई! चिडून ठिगळ उचकटलं. नखानं निघालं. खाली जाळी ओलीच, मी घाईत झाकलेली. हीच नाव आज अंबिकाला देणार होतो. भर नदीत उघडली असती तर —

सरांना सांगितलं, थांबा. चूक माझी.

२३ मार्च
जाळी दोन दिवस उन्हात सुकवली. काल नवं ठिगळ घातलं. आज मी ठोकलं, गुणाबाईनं ऐकलं. मी नावेकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"हां. आता द्या."

२४ मार्च
नाव गेली. अंबिका पाया पडली — आधी गुणाबाईच्या, मीच सांगितलं.

मग दोघं लिंबाखाली टेकलो. म्हटलं, यंदा कोकिळा आलीच नाही बघ.

"आली न्हाई? पंधरा दिवस झाले, डोकं उठवलंय तिनं! आत्ताबी वरडून राहिली की!"

वर बघितलं. फांदीवर बसली होती. चोच उघडत होती, मिटत होती.