पौषातला धावडा

आई, या वर्षी पौषात आपल्या गंजाडला पंखे फिरत होते. तुला खरं वाटणार नाही, म्हणून आधी तेच लिहिते. पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

तुझ्या पडवीत लाकडांच्या तीन राशी असायच्या. सावर नि पांगारा चहापुरता, ऐनाचं लाकूड भाकरीला, आणि मागच्या भिंतीला लावलेला धावडा कडाक्याच्या थंडीसाठी. मी नऊ-दहा वर्षांची असेन. दिवाळी नुकतीच झालेली, तू तापाने पडलेली. मोठेपणा दाखवायला मी चुलीत धावडा घातला. निखारा असा धरला की सगळ्या भाकऱ्या करपल्या. तू गोधडी गुंडाळून चुलीपाशी आलीस. मारलं नाहीस. म्हणालीस, "थंडी यायच्या आधीच तिचं लाकूड खाल्लंस. आता ती आली की काय लावशील, माझी हाडं?" ते माझ्या मनात पक्कं बसलं. पौष लागेपर्यंत धावड्याला हात लावायचा नाही, आणि पौष लागला की धावडाच, अशी मी स्वतःशी गाठ मारून ठेवली.

आता घरात गॅस आहे. चूल पेटते ती आंघोळीच्या पाण्यापुरती, तीही वाडीतल्या चिकूच्या छाटणीवर. पण जंगलात वाळून पडलेला धावडा दिसला की मी डोक्यावर घेऊन येतेच. या वर्षी तर लेक बाळंतपणाला आलेली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली नि तीन-चार दिवसांत पौष लागला. मी धावड्याचे निखारे शेगडीत भरून बाजेखाली सरकवले, खिडकी लावून घेतली. लेक म्हणाली, "आई, उकडतंय गं." मी म्हटलं, "बाळंतिणीला उकडत नसतं." पोरीला टोपडं बांधलं, वर दोन दुपटी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर लालबुंद. अंग तापलेलं, आणि लेकीने अंगावर घेतली तर तोंडच लावीना. तेवढ्यात गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई बाळाला बघायला आल्या. त्यांनी पोरीच्या छातीवर हात ठेवला नि मला म्हणाल्या, "मावशी, आधी ती शेगडी बाहेर काढा. लोकांकडे पंखे चाललेत आणि तुम्ही पोरीला भाजताय?" त्यावर मी जे बोलले ते शेवटी लिहिते, आत्ता हात धजत नाही.

रिक्षा करून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी टोपडं-दुपटी सगळी काढली, ताप बघितला, दिवसभर ठेवून घेतलं. मी बाहेर बाकावर बसून तुलाच हाका मारत होते. दुपारी पोर प्यायली. मग लेक म्हणाली, "तूच सांगतेस ना, आजी सकाळी आधी अंगणातल्या हंड्यात हात घालायची, मग लाकूड उचलायची?"

सांगते खरी. उघड्यावर राहिलेल्या त्या पाण्यात तू मनगटापर्यंत हात बुडवायचीस. बोटं बधिर झाली तर धावडा, नुसती गार लागली तर ऐन. महिना कुठला ते तू कधी बघितलं नाहीस. मी ते रोज पाहिलं, लेकीला कौतुकाने सांगितलं, आणि स्वतः मात्र कॅलेंडर बघत बसले. चूक माझी होती, आई, आणि ती त्या एवढ्याशा जिवावर बेतली होती.

थंडी आली ती माघात, आणि चार दिवस राहिली. एक सकाळ अशी की हंड्यात हात घातला नि बोटं मिटेनात. त्या दिवशी धावडा लावला, पण शेगडी दाराजवळ, दार उघडं. लेक आपणहून येऊन हात शेकत बसली, पोर आत बाजेवर झोपलेली. पाचव्या दिवसापासून परत चिकू.

हा कागद पोरीच्या लसीच्या कार्डाबरोबर डब्यात ठेवणार आहे. तेव्हा राहिलेलं लिहून टाकते. त्या सकाळी आशाताईंना मी म्हणाले होते, "आमच्या आईची रीत आहे ही." त्या आता पाड्यापाड्यांत बायकांना समजावतात की जुन्या माणसांचं असलं ऐकू नका. मी ऐकते, मान हलवते, आणि ती रीत तुझी नव्हती हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.